खिसेमावशीचा अल्बम

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण, म्हणजे खरी मावशी माझीच. पण तिला अख्खं हॉटेल मावशी म्हणायचं, आणि तेही नुसतं मावशी नाही, खिसेमावशी. हे नाव तिला तिच्या कामामुळे पडलं होतं.

ते हॉटेल मोठं होतं. वर गालिचे, फुलदाण्या, मंद दिवे. खाली तळघरात लाँड्री. आठ दांडगी धुलाईयंत्रं, कपडे वाळवायची चार, वाफेच्या इस्त्र्यांची रांग आणि भिंतीला लागून पत्रा ठोकलेलं एक लांबलचक टेबल. पाहुण्यांच्या कपड्यांच्या पिशव्या सकाळी त्या टेबलावर उपड्या व्हायच्या. प्रत्येक कपड्याला खोलीच्या नंबराची चिठ्ठी टाचायची आणि यंत्रात जाण्याआधी त्याचा एकेक खिसा तपासायचा, हे मावशीचं काम. विसरलेलं एक पेन चाळीस पांढऱ्या शर्टांचं वाटोळं करू शकतं. त्यामुळे तळघरात मावशीच्या बोटांना फार मान होता.

खिशांतून काय काय निघतं यावर ती तासभर बोलू शकायची. खोकल्याच्या गोळ्या, किल्ल्या, एकट्या पडलेल्या कानातल्या कुड्या, फाडून पुन्हा चिकटवलेलं पत्र, आणि एकदा तर कागदात जपून गुंडाळलेला दात. सगळं पाकिटात घालायचं, वर खोलीचा नंबर लिहायचा आणि रिसेप्शनला पाठवायचं. तिला त्यातल्या कशाची कधी हाव सुटली नाही. "दुसऱ्याच्या खिशात हात घालायचाच पगार घेते मी," असं ती सांगायची, "आपल्या खिशात घालायचा नाही."

कामाला लागून तीन वर्षं झाली असतील, तेव्हा तिच्या हातून पहिली चूक झाली. एका पाहुण्याच्या पँटला पट्ट्याच्या आतल्या बाजूला चोरखिसा होता आणि तो तिच्या बोटांना लागलाच नाही. पँट धुऊन बाहेर आली तेव्हा त्यात एक नोट निघाली, लगदा व्हायची तेवढी बाकी राहिलेली. मावशीचं धाबं दणाणलं. तिनं ती नोट टॉवेलवर पसरली, वर मलमलचं फडकं टाकलं आणि कोमट इस्त्रीनं इतक्या हलक्या हातानं सरळ केली की सुपरवायझर बघतच राहिला. मग तो म्हणाला, तू धुतलीस, तूच वर जाऊन सांग.

तळघरातल्या माणसांनी पाहुण्यांच्या मजल्यावर जायची पद्धत नव्हती. मावशी पहिल्यांदाच त्या गालिच्यावरून चालली, तेही चपला हातात घेऊन. पाहुणा पूल बांधणारा इंजिनियर होता, वयस्कर, गोल पोटाचा. त्यानं नोट उलटसुलट पाहिली आणि हसायलाच लागला. ही नोट त्याच्या देशात कधीच बंद झाली होती. ती पँट त्याला मध्ये कित्येक वर्षं होत नव्हती, पोट कमी झालं म्हणून आता पुन्हा बाहेर काढली होती. म्हणजे आपण किती वर्षं जाड होतो ते या नोटेमुळे कळलं, असं तो मोडक्यातोडक्या शब्दांत आणि बऱ्याचशा हातवाऱ्यांनी म्हणाला, आणि नोट तुम्हीच ठेवा असं सांगितलं.

मावशी घ्यायला तयार होईना. शेवटी तिनं अट घातली की तुम्ही स्वतःच्या हातानं दिलीत असं लिहून द्या. त्यानं हॉटेलच्या कागदावर लिहून दिलं, खाली सही केली. त्या नोटेवर मोठ्या चोचीचा एक पक्षी होता. तो कुठला, आणि ती वळणावळणांची अक्षरं कुठली, हे काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती सार्वजनिक ग्रंथालयात गेली आणि तिथल्या ग्रंथपालासमोर नोट ठेवून म्हणाली, हिचं घर शोधून द्या. ग्रंथपालाला त्या महिन्यात कुणी इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. त्यानं तीन जाडजूड ग्रंथ काढले, दोघं दुपारभर बसली, आणि घर सापडलं. तिथून तिला नोटांचं वेड लागलं.

कॉलेजची तीन वर्षं मी मावशीकडेच राहिले, त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बस डेपोचा पत्रा दिसायचा. काका शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. कपाटाच्या मधल्या खणात, जिथं इतर घरांत चांगल्या साड्या असतात, तिथं मावशीचा अल्बम असायचा. प्रत्येक नोट पारदर्शक कप्प्यात, आणि तिच्या पाठीमागे देणाऱ्यानं लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी नसलेली नोट ती घेतच नसे. विकत तर एकही घेतली नाही. कुणी पाहुणा जाताना द्यायचा, कुणी घरी पोचल्यावर पत्रातून पाठवायचा. मुक्कामाला येणारे वैमानिक आणि हवाईसुंदऱ्या तर तिच्यासाठी मुद्दाम आणायचे, कारण त्यांच्या गणवेशांच्या इस्त्रीला मावशीच्या हाताशिवाय त्यांना चालत नसे.

देशांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. ती नोटांना चित्रावरून ओळखायची. खेकड्याची नांगी असलेली ती 'खेकडेवाली'. एकावर चौदा शून्यं असलेली ती 'शून्यंवाली', आणि एवढ्या शून्यांची नोट घेऊन तिथं म्हणे बसचं तिकीटसुद्धा मुश्किलीनं मिळायचं, हे ऐकल्यापासून काकांना तीच सगळ्यांत आवडायची. बाकी काकांची तक्रार कायमची होती. ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या घरात अठ्ठेचाळीस देशांचा पैसा आहे आणि भाजीवाल्याला द्यायला सुट्टे नाहीत."

मी दुसऱ्या वर्षाला असताना ग्रंथपालानं एका गृहस्थांना आमच्याकडे पाठवलं. ते नोटा जमवणाऱ्यांच्या कुठल्याशा मंडळाचे चिटणीस होते. सूट घालून, हातमोजे, चिमटा आणि भिंग घेऊन आले. मावशीनं अल्बम पुढे ठेवला. त्यांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, या नोटांना तुम्ही इस्त्री केलीय का?"

"हो," मावशी अभिमानानं म्हणाली. "आणि ज्या अगदीच गळपटल्या होत्या त्यांना थोडी खळसुद्धा."

गृहस्थांनी डोळे मिटले आणि प्यायला पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं की नोट धुतली, दाबली, खळ घातली की जाणकारांच्या लेखी तिची किंमत संपते. चुरगळलेली असली तरी ती तशीच ठेवायची असते. मावशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की मला त्या विकायच्याच नाहीत, मग किमतीचं काय घेऊन बसायचं. आणि चुरगळलेली वस्तू तशीच ठेवून मला झोप यायची नाही.  गृहस्थांनी चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, आणि जाताना आपल्या पेटीतून एक नोट काढून मावशीला दिली. एका देशात सत्ता पालटली तेव्हा नव्या नोटा छापायला सवड नव्हती, म्हणून जुन्या नोटांवरच्या पुढाऱ्याचा चेहराच गोल कापून काढला होता. चेहऱ्याच्या जागी आरपार भोक. "हिला आधीच भोक पडलंय," ते म्हणाले, "तुम्ही हिचं आणखी काय वाकडं करणार." चिठ्ठी मात्र त्यांनाही लिहून द्यावी लागली. ती नोट अर्थातच 'भोकवाली'.

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं सांगते आहे तो दिवस. गुरुवार होता आणि मावशीची सुट्टी होती. दुपारचं जेवण आटोपून आम्ही दोघी खिडकीशी बसलो होतो, तेवढ्यात काकांचा फोन आला. आवाज दबका. म्हणाले, तुझा तो अल्बम घेऊन डेपोत ये, लगेच.

झालं होतं असं. काकांची बस शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली, पण मागच्या बाकावर एक आजी बसूनच राहिल्या. अंगावर पांढरी सुती शाल, पायांत रबरी बूट, मांडीवर पिशवी. काकांनी विचारलं, शेवटचा थांबा आला, कुठं जायचंय? आजींनी उत्तर दिलं ते कुणालाच कळेना. कंट्रोलर आला, त्याला येत होत्या त्या तीन भाषा त्यानं लावून पाहिल्या. डेपोतल्या इतरांनीही आपापलं ज्ञान पाजळलं. आजी नुसत्या मान हलवत होत्या. पिशवीत पावाचा तुकडा आणि रुमाल, बाकी काही नाही. कागद नाही, फोन नाही. कंट्रोलर पोलिसांना कळवायला निघाला, पण त्याच्या खाकी गणवेशाकडे बघूनच आजी बाकावर मागे सरकल्या होत्या आणि ते काकांना दिसलं होतं. ते म्हणाले, दहा मिनिटं थांबा, मी बायकोला बोलावतो.

"वहिनींना कुठली भाषा येते?" कंट्रोलरनं विचारलं.

"एकही नाही," काका म्हणाले. "पण तिच्याकडे सगळ्यांच्या नोटा आहेत."

आम्ही पोचलो तेव्हा आजी कंट्रोलरच्या केबिनमध्ये लाकडी बाकावर अंग चोरून बसल्या होत्या. दारात पाचसहा ड्रायव्हर-कंडक्टर घुटमळत होते. मावशीनं त्यांना आधी बाहेर पिटाळलं. मग ती आजींच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली आणि काही न बोलता अल्बम उघडून अर्धा आपल्या आणि अर्धा त्यांच्या मांडीवर ठेवला.

आजींना वाटलं ही काहीतरी विकायला आलीय. त्यांनी हातानं नको नको केलं. मावशी हसली आणि पान उलटलं. पक्षी गेला, घोडे गेले, धरणं आणि पूल गेले. खेकडेवालीवर आजी थोड्या पुढे झुकल्या. भोकवाली कप्प्यातून काढून मावशीनं तिच्या भोकातून आपलं बोट घालून हलवून दाखवलं तेव्हा त्यांच्या तोंडाला पहिल्यांदा हसू फुटलं. मावशी एकेका नोटेवर बोट ठेवायची, आजींकडे बघायची आणि आजी नाही म्हणायच्या. जणू दोघी कापडाच्या दुकानात बसून नमुने पाहत होत्या. आणि मग एका पानावर आजींनी अख्खा तळहातच टेकवला.

त्या नोटेवर एक बाई टोपली विणत बसलेली होती. 'टोपलीवाली'. आजी एकच शब्द तीनदा बोलल्या, त्या बाईकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि हवेत बोटं चालवायला लागल्या. गवताची काडी घ्यायची, गुंडाळायची, ओढायची, पुन्हा गुंडाळायची. त्याही टोपल्या विणत होत्या, हे सांगायला कुणा दुभाष्याची गरज पडली नाही.

मावशीनं ती नोट कप्प्यातून काढून त्यांच्या हातात दिली. आजींनी ती बोटांनी चाचपली, नाकाशी नेली आणि कपाळाला आठ्या घातल्या. एवढी कडक, साबणाच्या वासाची नोट त्यांनी जन्मात पाहिली नसावी. त्यांनी मावशीकडे पाहिलं, आणि आम्हाला काही कळायच्या आत नोट मुठीत धरून चुरगळली, चांगली दोनदा चोळली आणि उलगडून परत दिली. जणू म्हणाल्या, आमच्याकडे अशी असते. मी मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर कसानुसा झाला. पुढच्या क्षणी ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली, आजीही हसल्या, आणि दाराबाहेरचे ड्रायव्हर आत डोकावून बघायला लागले.

खरं काम नोटेमागच्या चिठ्ठीनं केलं. टोपलीवाली त्याच देशाच्या एका हवाईसुंदरीनं दिली होती. तिच्या विमानाची माणसं दर सोमवारी आणि गुरुवारी हॉटेलात उतरायची, आणि तिचा गणवेश आदल्याच आठवड्यात मावशीच्या टेबलावरून गेला होता. मावशीनं रिसेप्शनला फोन लावला. ती मंडळी सकाळीच आली होती, आता झोपली होती, आणि पाहुण्यांना झोपेतून उठवायचं नाही असा नियम होता. मावशीनं त्या तळघरात एवढी वर्षं एकदाही आवाज चढवला नव्हता.

"उठव तिला," ती म्हणाली. "चिडली तर मी सांगितलं म्हणून सांग."

दोन मिनिटांनी हवाईसुंदरी फोनवर आली. मावशीनं फोन आजींच्या कानाला लावला. पलीकडून पहिला शब्द आला मात्र, आजींनी तो फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग त्या जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. रडत होत्या, रागावत होत्या, मध्येच मावशीच्या गुडघ्यावर थापट्या मारत होत्या. काकांचा जीव भांड्यात पडला. परतीच्या फेरीची वेळ होत आली होती, पण कंट्रोलरनं घड्याळाकडे पाठ फिरवली.

मग उलगडा झाला. आजी मुलीकडे राहायला आल्या होत्या, येऊन सहाच दिवस झाले होते. मुलीनं त्यांना एकदा बसनं फिरवून आणलं होतं, आणि ती बस गोल फिरून पुन्हा घराशीच आली होती. आजींना वाटलं इथल्या सगळ्या बस अशाच. मुलगी कामावर गेल्यावर त्यांनी समोर आलेल्या बसचं दार उघडं पाहिलं आणि एक चक्कर मारून येऊ म्हणून चढल्या. पत्ता त्यांना येत नव्हता. घराच्या समोर काचेच्या पेट्यांत रंगीत मासे ठेवलेलं दुकान आहे, एवढंच त्या सांगू शकल्या.

हवाईसुंदरीनं ते मावशीला सांगितलं, मावशीनं मोठ्यानं म्हटलं, आणि काका ताडकन उठले. "रंगीत मासे? माझा सातवा थांबा. रोज सिग्नलला उभं राहून मासे बघतो मी."

परतीच्या फेरीत आम्ही तिघी काकांच्या मागच्याच बाकावर बसलो. पहिल्या दोन थांब्यांत अख्ख्या बसला सगळी गोष्ट कळली होती. सातव्या थांब्यावर माशांच्या दुकानासमोर एक बाई, केस विसकटलेले, पायांत दोन वेगळ्या चपला, शेजाऱ्यांच्या घोळक्यात उभी होती. आजी पायरीवरून उतरल्या आणि आधी मुलीवरच ओरडल्या. बहुधा बसबद्दलच काहीतरी असावं. मुलीनं त्यांना मिठी मारली तेव्हा त्या गप्प झाल्या. उतरून निरोप घ्यायला वेळच मिळाला नाही, कारण काकांना फेरी पूर्ण करायची होती, पण बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि काकांनी उगाचच दोनदा हॉर्न दिला.

आजी त्यानंतर पाच महिने होत्या, आणि दर गुरुवारी सातव्या थांब्यावरून काकांच्या बसनं आमच्याकडे यायच्या. आता त्यांना शेवटचा थांबा चांगलाच ओळखीचा झाला होता. त्यांनी मावशीला टोपली विणायला शिकवायचा प्रयत्न केला. चोरखिसे शोधणारी ती बोटं इथं साफ हरली. महिनाभराच्या मेहनतीनंतर मावशीची जी टोपली तयार झाली तिच्यात कांदे ठेवले तर खालून पडायचे. आजी ती उचलून प्रकाशासमोर धरायच्या आणि पोट धरधरून हसायच्या. काका मात्र पार बदलले. अल्बमबद्दलची तक्रार बंद झाली. उलट कुणी घरी आलं की चहाच्या आधी अल्बम बाहेर यायचा, आणि गोष्ट सांगताना त्यांच्या बसमधल्या टाळ्या वर्षागणिक वाढत गेल्या.

आजी मायदेशी गेल्या, पण मुलीमार्फत निरोप यायचे, आणि प्रत्येक निरोपात शेवटी एकच असायचं, तू कधी येतेस. मावशी निवृत्त झाली त्या दिवशी तळघर आणि रिसेप्शन यांनी मिळून तिच्या हातात पाकीट ठेवलं. पाकीट असल्यामुळे तिनं सवयीनं आधी वरचा खोलीचा नंबर शोधला. आत विमानाचं तिकीट होतं. काकांचं तिकीट काकांनी स्वतः काढलं, आणि बस चालवणाऱ्याला कोण विचारतं, हे पुढे आठवडाभर ऐकवलं.

तिथल्या विमानतळावर पैसे बदलायच्या खिडकीशी मावशीला पहिल्यांदा कोऱ्या नोटांचा गड्डा मिळाला. जुन्या नोटा तोवर बंद झाल्या होत्या, या नव्या होत्या, रंग वेगळे, चित्रं वेगळी, नंबर ओळीनं एकामागे एक. तिनं त्या पर्समध्ये सरळ ठेवल्या आणि चेन लावली. काकांना चहा हवा होता. मावशी म्हणाली, पुढे बघू. बाहेर आजी, त्यांची नात आणि नातजावई घ्यायला आले होते, त्यामुळे पुढे बघायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात काकांना टोपी घ्यायची होती. पर्स उघडलीच नाही.

"अगं, या खर्च करायलाच घेतल्यात," काका म्हणाले.

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली, "पण कुठली करू ते सांगा."

तिसऱ्या दिवशी आजी आणि मावशी अंगणात बसल्या असताना काकांनी पर्समधून गपचूप एक नोट काढली आणि कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन आले. परत आले ते हातात उरलेले सुट्टे घेऊन, कारण खिसेमावशीपासून लपेल असा खिसाच नव्हता. मावशी आधी संतापली. मग तिनं ते सुट्टे हातात घेतले. पंधरा वीस हातांतून गेलेल्या लहान नोटा, एकीचा कोपरा गेलेला, एकीवर कुणीतरी शाईनं बेरीज केलेली, एकीला तेलाचा डाग. तिनं त्या ओट्यावर मांडल्या आणि बराच वेळ बघत बसली. आजींनी तिच्याकडे पाहून मान डोलावली.

"आणखी एक कप प्याल का?" मावशीनं काकांना विचारलं. "पण दुसऱ्या दुकानात जा. तिथले सुट्टे वेगळे असतील."

उरलेल्या पाच दिवसांत काकांनी त्या गावातल्या प्रत्येक दुकानात चहा घेतला. शेवटी शेवटी त्यांना चहाचा वाससुद्धा नको झाला होता, पण दुकानदार आता त्यांना लांबूनच ओळखायला लागले होते, आणि मावशी दारात उभी राहून वाट बघत असायची.